मिरगात ट्यूबलाईटवर येणारा लांब मिशांचा भुंगा: बघायचा कसा, ओळखायचा कसा आणि झाडाचं काय करायचं

मे संपत आला, दोन-तीन वळीव पडून गेले की बेळगाव, खानापूर, चंदगड सगळीकडं हा प्रकार होतो. सोप्यातल्या ट्यूबलाईटवर धाडकन काहीतरी आपटतंय, खाली फरशीवर पडतंय, आणि वाकून बघितलं तर बोटाच्या दोन पेरांएवढा राखाडी भुंगा, अंगापेक्षा लांब मिशा मागं वळवून बसलेला. घरातलं कोण ना कोण चप्पल घेऊन येतंयच. मी लहानपणापासून हे बघत आलोय आणि आता पंधराएक वर्षं झाली, त्या चपलेच्या आधी मी पोचायचा प्रयत्न करतोय. हा भुंगा एकदा नीट बघितला, तो कुठनं आला ते कळलं, की मग आपल्या परड्यातल्या आंब्याकडं, फणसाकडं, काजूकडं बघायची नजरच बदलते. ती नजर कशी करायची तेवढंच लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगतो. आमच्या परड्यात पायरीचा एक आंबा होता, आज्ज्यानं लावलेला. एका वर्षी त्याच्या एका फांदीची पानं वाळायला लागली, बुडाशी भुसा पडलेला दिसला, आणि वडिलांनी एका ओळखीतल्या माणसाला बोलावून दाखवलं. तो झाडाला फेरी मारून म्हणाला, "तात्या, आतनं सगळं पोकळ झालंय, वादळात घरावर येईल, काढून टाका." काढून टाकलं. ओंडके पडले तेव्हा बघितलं तर बोगदा एकाच फांदीत, दोन-अडीच हात लांब, आणि खालचं खोड एकदम घट्ट, पिवळंधमक. वडील ते बघून दोन दिवस नीट जेवले नाहीत. नुसती ती फांदी उतरवली असती तर झाड आज उभं असतं. म्हणून म्हणतो, कुऱ्हाड असो नाहीतर फवारणीचा पंप असो, हात लावायच्या आधी बघायला शिका.

कधी आणि कुठं बघायचा

सगळ्यात चांगले दिवस म्हणजे पहिल्या वळवापासून मिरगापर्यंत आणि पुढं आषाढ लागेपर्यंत. दिवसभर उकाडा, संध्याकाळी एक सर पडून गेलेली, वारा नाही, चांदणं नाही, अशी रात्र पकडायची. आठ ते साडेदहा हा मुख्य वेळ. जांबोटी, कणकुंबी बाजूला एकदा धो धो पाऊस धरला की मग काही दिसत नाही, तिकडं पाऊस लवकर जोर धरतो म्हणून तिकडचं बघणं आधी उरकायचं, आणि पूर्वेला गोकाक, अथणीकडं पाऊस कमी, तिकडं हंगाम थोडा पुढं-मागं होतो.

लाईट कसला लावायचा हा प्रश्न सगळे विचारतात. आजकालच्या एलईडी बल्बवर किडे कमी येतात कारण त्यात अल्ट्राव्हायोलेट किरण जवळजवळ नसतात, जुनी ट्यूब बरी, आणि जुना मर्क्युरीचा मोठा बल्ब कुठं मिळाला तर सगळ्यात भारी. दोन झाडांमध्ये दोरी बांधून त्यावर पांढरी चादर किंवा जुनं धोतर सोडायचं, खालचा काठ जमिनीवर पसरून ठेवायचा, कारण हा भुंगा जड, चादरीला आपटून खालीच पडतो आणि गवतात गेला की सापडत नाही. साडेदहा-अकराला लाईट बंद करायचा म्हणजे करायचाच. रात्रभर चालू ठेवला तर पहाटे कोतवाल आणि दयाळ येऊन चादरीवरचं सगळं वेचून खातात, आपण बोलावलेले पाहुणे आपणच मारल्यासारखं होतं.

पण लाईटपेक्षाही भरवशाची जागा म्हणजे ताजं तोडलेलं लाकूड. वखारीत, सॉ मिलच्या मागं, किंवा रस्ता रुंदीकरणात पाडलेल्या आंब्याच्या, सावरीच्या ओंडक्यांवर रात्री टॉर्च मारून बघा. कापलेल्या सालीचा जो वास सुटतो ना, त्याच्यावर हे भुंगे येतात, माद्या अंडी घालायला आणि नर माद्या शोधायला. वखारवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर अंधारात टॉर्च घेऊन कोण फिरायलंय म्हणून आरडाओरडा होतो. बेळगाव शहरात राहणाऱ्यांनी टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोसारख्या जुन्या झाडांच्या जागी सकाळी फिरताना वाळक्या फांद्या, उंबराच्या खोडाच्या भेगा, पडलेले ओंडके बघत जावं. जंगलात मात्र भीमगड अभयारण्याच्या हद्दीत गेलात तर फक्त बघणं आणि फोटो, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, परवानगीशिवाय तिथनं एक किडासुद्धा उचलायचा नाही, आणि लाईट लावून बसणं तर अजिबात नाही.

हातात घ्यायचा कसा, पक्की खूण कुठली

मिशांना धरून उचलू नका. मिशा तुटतात आणि मिशा गेल्या की तो गेलाच समजा, वास त्याला येतो तो त्यांनीच, झाड शोधायचं, जोडीदार शोधायचा, सगळं मिशांवर. अंगठा आणि तर्जनीनं पाठीच्या दोन्ही बाजूनं, मानेच्या मागं धरायचं. मानेच्या दोन्ही बाजूला एकेक काटा असतो तो टोचतो पण विष वगैरे काही नाही. जबडा मात्र खरा आहे, साल कापणारा जबडा, बोट त्याच्या तोंडासमोर नेलं तर चावणारच.

धरल्या धरल्या तो ओरडतो. पहिल्यांदा हातात घेतलेला माणूस हमखास सोडून देतो, म्हणून आधीच सांगून ठेवतोय. चीं-चीं, चीं-चीं असा आवाज, कोरड्या दाराच्या बिजागरीसारखा. तोंडातनं येत नाही तो. कानाजवळ नेऊन नीट बघा, तो मान वरखाली हलवत असतो, मानेच्या ढालीचा मागचा काठ आतल्या बारीक रेषा असलेल्या पट्टीवर घासतो आणि त्यातनं आवाज येतो, कंगव्यावरनं नख ओढल्यासारखं. पक्षी चोचीत धरतो तेव्हा हाच आवाज त्याला दचकवायला कामाला येतो. माझ्या पुतणीनं पाचवीत असताना हे बघितलं आणि म्हणाली, "काका, हा मानेनं व्हायलिन वाजवायलाय."

आता खूण. लांब मिशा दिसल्या म्हणजे झालं असं नाही, काही जातींच्या मिशा आखूड असतात. पक्की खूण डोळ्यात आहे. भुंग्याचा चेहरा समोरनं बघा, मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बघितलं तरी चालतं. बहुतेक जातींत डोळा गोल नसतो, काजूच्या गरासारखा वाकडा असतो आणि त्याच्या खाचेत मिशीचं मूळ बसलेलं असतं, म्हणजे डोळ्यानं मिशीला मिठी मारल्यासारखं. दुसरी खूण पायाच्या पंज्यात. शेवटाच्या आधीचा तुकडा बदामासारखा दोन फाकांचा दिसतो, खाली मऊ केस. मिशीचे तुकडे मोजलेत तर साधारण ११ भरतात. पाठीमागं वळवलेल्या मिशा शेपटीच्या बऱ्याच पुढं जात असतील तर बहुतेक नर, जेमतेम पोचत असतील तर मादी. नारळावरचा गेंड्या भुंगा पण लाईटवर येतो आणि लोक दोन्हीत गल्लत करतात, पण गेंड्याला नाकावर शिंग आणि मिशा आखूड, टोकाला छोट्या पंख्यासारख्या. एकदा बघितलं की परत चूक होत नाही.

फोटो काढताना वरनं एक, बाजूनं एक, समोरनं एक, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवून एक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कुठल्या झाडावर होता ते. नुसता भुंग्याचा फोटो अर्धा कामाचा, "उंबराच्या वाळक्या फांदीवर, मनगटाएवढी जाड, १२ जून, रात्री नऊ" एवढं लिहिलेलं असेल तर सोनं. आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदी टाकायच्या वेबसाईटवर टाकलं की जाणकार लोक नाव सांगायला मदत करतात.

आपल्याकडं कोण कोण भेटतं

या भुंग्यांच्या घराण्याला शास्त्रात सेरंबायसिडी म्हणतात. जगात ३५,००० च्या वर जाती आहेत आणि त्यातल्या पुष्कळ उष्ण कटिबंधातल्या. ॲमेझॉनच्या जंगलातला टायटॅनस तर १६ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हार्लेक्विन म्हणून एक आहे, काळा-लाल-पिवळसर रांगोळी काढल्यासारखा, नराचे पुढचे पाय अंगापेक्षा लांब, आणि त्याच्या पंखाखाली बसून विंचवासारखे दिसणारे बारीक जीव एका झाडावरनं दुसऱ्या झाडावर जातात, आपल्याकडं वडापच्या टपावर बसून माणसं गावाला जातात तसं. पण त्या लांबच्या गोष्टी झाल्या. आपल्याला आपल्या सोप्यात येणारे माहीत पाहिजेत.

पहिला मान आंब्यावरच्या भुंग्याचा, बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. कोकणातले बागायतदार याला भिरूड म्हणतात, आपल्याकडं सरसकट खोडकिडा. साडेतीन ते पाच सेंटीमीटर, राखाडी-तपकिरी मखमल अंगावर, मानेच्या ढालीवर दोन नारिंगी-लाल ठिपके, पाठीवर पिवळसर डाग, आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत बाजूनं एक पांढरा पट्टा. पंखांच्या खांद्यावर काळे चकचकीत दाणे असतात, मोहरी सांडल्यासारखे. १७७५ मध्ये डी गीर नावाच्या स्वीडिश माणसानं याचं शास्त्रीय वर्णन केलं, नावाचा अर्थच लाल ठिपक्यांचा. आंबा, फणस, उंबर, अंजीर, सावर, अशी याची झाडं पुष्कळ.

दुसरा अकँथोफोरस सेराटिकॉर्निस, हा आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या भुंग्यांपैकी, अख्ख्या बोटाएवढा, गडद चॉकलेटी, मिशा लांब नाहीत पण करवतीसारख्या दातेरी, जबडा बघितला की हात मागं येतो. हा जुन्या बुंध्यात, मेलेल्या मुळांत वाढतो. खानापूरच्या पुढं जंगलाकडेच्या घरांत येतो आणि सगळं घर जागं करतो.

काजूवरचा वेगळा, निओप्लोसेडेरस फेरुजिनियस, तांबूस-तपकिरी, अंगावर ठिपका नाही काही नाही. कोकणात या किडीला रोठा म्हणतात. चंदगड, खानापूर, बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला काजू वाढला तसा हाही वाढला, त्याच्याबद्दल खाली सविस्तर.

मग गुलाब, बोगनवेल, तुती, द्राक्ष यांच्या फांद्या गोल कापणारा स्थेनियास ग्रिसेटर. हा दिवसा फांदीवर बसला की दिसतच नाही, सालीचाच तुकडा वाटतो. बागेत बोगनवेलीची चांगली हिरवी फांदी एकाएकी सुकली आणि खाली बघितलं तर चाकूनं गोल कापल्यासारखी कडी, तर ते शेजारच्या पोरांचं काम नव्हे. अथणीकडं द्राक्षबागा आहेत त्यांना सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर माहीत असतो, मूळचा बाभळीवरचा, वेलीच्या खोडात शिरतो. आणि घरातल्या वाळक्या लाकडात राहणारा स्ट्रोमॅशियम बार्बाटम, कपाट घेऊन काही वर्षं झाली आणि एक दिवस त्यातनं भुंगा बाहेर पडला असं कुणी सांगितलं तर खोटं समजू नका, वाळक्या लाकडात खायला सत्त्व कमी त्यामुळं अळी वर्षानुवर्षं आत राहते.

खरं आयुष्य आत असतं

आपल्याला दिसतो तो भुंगा म्हणजे शेवटचा थोडा काळ, काही आठवड्यांचा किंवा फार तर काही महिन्यांचा. त्याचं खरं आयुष्य लाकडाच्या आत, अंधारात जातं. आंब्यावरची मादी सालीला जबड्यानं चीर पाडते आणि तीत एकच अंडं ठेवते, मग पुढं जाऊन दुसरी चीर. मी एकदा पडलेल्या सावरीच्या ओंडक्यावर हे सगळं बघितलंय, टॉर्चला लाल कागद लावून. आधी ती मिशांनी साल चाचपत चालली, एका जागी थांबली, डोकं खाली घालून हळूहळू साल चावली, मग पूर्ण उलटी फिरली आणि शेपूट त्या चिरेत घालून गप्प राहिली. एका चिरेला दहा-बारा मिनिटं लागली असतील. माझे पाय आखडले पण ती काही घाई करत नव्हती. अशा कितीतरी चिरा ती पाडते.

अंड्यातनं अळी निघते ती आधी सालीखालीच खाते, मोठी होईल तशी लाकडात शिरते. पांढरट-पिवळी, डोकं काळपट, अंगाला वळ्या वळ्या, पूर्ण वाढली की आठ-दहा सेंटीमीटर. पाय नसल्यात जमा. शेणखताच्या ढिगात जी सी आकाराची जाड अळी मिळते तिला सहा पाय स्पष्ट दिसतात, ती वेगळी, गेंड्याची नाहीतर हुमणीची. लाकूड म्हणजे पोषणाच्या हिशेबानं फार गरीब अन्न, त्यात नायट्रोजन अगदी थोडा, म्हणून ही अळी महिनोन्महिने खातच राहते, पोटातले सूक्ष्मजीव तिला लाकूड पचवायला मदत करतात. मग आत एक खोली करून तिथं कोष होतो, कोषातनं भुंगा तयार होतो, आणि तयार झालेला भुंगासुद्धा लगेच बाहेर येत नाही, आतच थांबतो. पहिल्या पावसाला साल ओलावली, हवा बदलली की गोल भोक पाडून बाहेर. त्या भोकात आपली करंगळी सहज जाते. मिरग आणि हा भुंगा एकाच वेळी येतात ते यामुळं.

आणि हे विसरू नका की यातल्या बऱ्याच जाती जिवंत झाडाला हातच लावत नाहीत. वठलेल्या, पडलेल्या लाकडावर त्यांचं सगळं चालतं. जंगलात पडलेला ओंडका माती होतो त्यात बुरशी आणि वाळवीच्या जोडीला यांचाही मोठा वाटा आहे, यांनी पाडलेल्या बोगद्यातनं पाणी आणि बुरशी आत जाते, नंतर त्याच भोकात गांधीलमाश्या, कोळी, एकट्या राहणाऱ्या मधमाश्या घर करतात. सुतारपक्षी वाळक्या फांदीवर टकटक करतो तो या अळ्यांसाठी. परड्यात एखादा वाळका ओंडका कोपऱ्यात राहू द्या, सगळंच चुलीत घालू नका.

भुसा वाचायला शिका

झाडाच्या बुडाशी भुसा दिसला की लोक घाबरतात. घाबरू नका, भुसा हातात घ्या. दोन बोटांत चोळा. काड्या-काड्यांसारखा, चावलेल्या उसाच्या चोयट्यासारखा जाड आणि ओलसर असेल तर आत मोठी अळी आहे आणि ती आत्ता जिवंत आहे. कोरडा, जुना, पावसानं काळा पडलेला असेल आणि वर करंगळीएवढं गोल भोक मोकळं दिसत असेल तर पाहुणा निघून गेलाय, आता त्या भोकात औषध ओतून काही उपयोग नाही. पिठासारखा बारीक पांढरा असेल तर तो घुण, वेगळा किडा. मातीचे पापुद्रे असतील तर वाळवी. सालीवर भुसा आणि विष्ठेची कोळ्याच्या जाळ्यासारखी लांब पट्टी चिकटलेली असेल तर ती साल खाणारी अळी, पतंगाची, शेवगा आणि पेरूवर फार दिसते, ती पट्टी खरडून काढली की खाली तिचं भोक सापडतं. आणि घराच्या वाशाला एकदम कंपासनं काढल्यासारखं भोक आणि काळा मोठा भुंगा घोंघावताना दिसला तर ती सुतारमाशी, तिचा यांच्याशी संबंध नाही.

आंब्यात जिवंत अळी आहे अशी खात्री झाली तर आधी बघा ती कुठल्या फांदीत आहे. छोटी फांदी असेल तर बोगद्याच्या खालपर्यंत कापून काढा आणि जाळून टाका, विषय संपला. मोठ्या फांदीत किंवा खोडात असेल तर सायकलचा जुना स्पोक घ्यायचा, टोक थोडं वाकवून हुक करायचा, भोकाभोवतीची सैल साल पटाशीनं साफ करायची आणि स्पोक हळूहळू आत सरकवायचा. बोगदा सरळ नसतो, त्यामुळं जोर लावायचा नाही, फिरवत फिरवत. मऊ काहीतरी लागलं आणि स्पोकच्या टोकाला पांढरं चिकट आलं की अळी सापडली. नाही सापडली तर कापसाचा बोळा रॉकेलमध्ये भिजवून आत ढकलायचा आणि भोक चिकणमातीनं लिंपून टाकायचं. आठ दिवसांनी परत बघा, माती फोडून नवा ओला भुसा आला असेल तर परत तेच. कीटकनाशक वापरायचंच असेल तर कुठलं आणि किती ते रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी अधिकाऱ्याला विचारून घ्या, दुकानदारानं हातात दिलं ते फळझाडात ओतू नका. मुख्य म्हणजे झाड तोडायचा निर्णय एका भोकावरनं घेऊ नका, आमच्या पायरीचं झालं तसं होतं.

काजूचं मात्र वेगळं आहे, तिथं मी उलटं सांगतो, उशीर करू नका. तिथला भुंगा अंडी बुंध्याच्या अगदी खाली, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, सालीच्या भेगांत आणि उघड्या मुळांवर घालतो. अळ्या सालीखालचा जिवंत थर खातात, ज्यातनं पानातलं अन्न खाली मुळांना जातं, म्हणून बाहेरनं झाड उभं दिसतं आणि आतनं उपाशी मरत असतं. बुडाशी डिंक आणि त्यात मिसळलेला लालसर भुसा, ही पहिली खूण. पानं पिवळी पडून गळायला लागली म्हणजे बराच उशीर झालाय. काजूचा हंगाम चालू असतो तेव्हाच, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपासून मेपर्यंत, दर पंधरा दिवसांनी बिया गोळा करता करता प्रत्येक बुंधा वाकून बघायचा, वेगळा वेळ काढायला नको. डिंक दिसला की पटाशीनं तेवढीच मेलेली साल उचलायची, अळी शोधून मारायची, चांगल्या सालीला जखम करायची नाही. अर्ध्याहून जास्त घेरात साल खाल्ली गेली असेल तर ते झाड सहसा वाचत नाही. असं झाड आणि आधीच वाळलेलं झाड मुळासकट काढून बागेच्या बाहेर न्या. वाळलेलं झाड जळणाला होईल म्हणून बागेतच ठेवतात, त्यातनं पुढच्या वर्षी भुंगे निघून शेजारच्या झाडांवर जातात. ही एक सवय मोडली तरी बागा वाचतील.

सोयाबीनवाल्यांसाठी थोडक्यात

चिकोडी, हुक्केरी, बैलहोंगल, निपाणीकडच्या शेतकऱ्यांना चक्रीभुंगा माहीत असतो पण तो याच घराण्यातला आहे हे बऱ्याच जणांना सांगितलं की नवल वाटतं. सेंटीमीटरभर लांबीचा, डोकं आणि मान पिवळसर-तांबूस, पंखांचा मागचा भाग काळपट, मिशा मात्र घराण्याला शोभतील अशा लांब. मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल चक्रं कापते, थोड्या अंतरावर, आणि मध्ये अंडं घालते. वरचं पान सुकून लोंबायला लागतं, लांबनं बघितलं तर पाणी कमी पडलंय असं वाटतं पण शेजारची पानं ताजी असतात. पीक महिना-सव्वा महिन्याचं असताना सकाळी ओळीनं फिरा, लोंबलेलं पान दिसलं की खालच्या चक्राच्याही खालनं तोडून पिशवीत घाला आणि शेताबाहेर नेऊन जाळा किंवा पुरा. अळी एकदा खोडात खाली उतरली की मग पीक तयार व्हायच्या वेळी ती आतनं खोड कापते आणि उभं झाड आडवं पडतं. बी दाट पेरू नका, दाट पिकात फिरता येत नाही आणि चक्रं दिसत नाहीत.

ओंडका सांभाळायचा कसा

आता माझं सगळ्यात आवडीचं काम. भुंगा कुठल्या झाडातनं येतो हे खात्रीनं कळायचा एकच मार्ग, लाकूड आणून ठेवायचं आणि वाट बघायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये उंबराची, फणसाची, आंब्याची वाऱ्यानं पडलेली वाळकी फांदी घ्या, मनगट ते मांडीएवढी जाड, हातभर लांब. भुसा येत असेल तर उत्तम. ती जुन्या पत्र्याच्या पिंपात उभी ठेवा आणि तोंडाला लोखंडी बारीक जाळी बांधा, नायलॉनची मच्छरदाणी भुंगा एका रात्रीत कापतो हे मी अनुभवानं सांगतो. पिंप सावलीत, परसदारी, पाऊस थेट पडणार नाही पण हवा लागेल असं. आठवड्यातनं एकदा पाण्याचा हात मारायचा, भिजवायचं नाही, बुरशी येते. पिंपावर कागद चिकटवा, झाडाचं नाव, गाव, तारीख. मग मिरगापासून रोज रात्री एकदा टॉर्च मारून बघायचं. कधी कधी भुंग्याऐवजी लांब शेपटीची गांधीलमाशीसारखी माशी निघते, ती अळीवर वाढलेली असते, तीही लिहून ठेवा, ती तर आपल्या बाजूची. जे निघेल त्याचे फोटो काढून जिथनं फांदी आणली तिथंच सोडून यायचं. पण आंब्याच्या किंवा काजूच्या बागेशेजारी राहत असाल तर त्या झाडांचं लाकूड असं ठेवू नका, उंबर आणि जंगली झाडं घ्या.

आमच्या त्या पायरीच्या फांदीचा बोगद्याचा तुकडा मी असाच ठेवला होता. वडील काही बोलत नव्हते, पण मार्चमधल्या एका रात्री वीज गेली होती, सगळीकडं शांत, आणि ते परसदारी पिंपाजवळ वाकून उभे दिसले. मला हाक मारली, "हिकडं ये, कान लाव." मी कान लावला. आतनं कुरर्र कुरर्र, थांबून परत कुरर्र, कोणीतरी लांब कुठंतरी पापड खात असल्यासारखं. तुम्हीही रात्री आजूबाजूचा आवाज बंद झाला की ओंडक्याला कान लावून बघा, आवाज आला तर जाळी घट्ट बांधा आणि मिरगापर्यंत त्याला हात लावू नका. आमचा ९ जूनच्या रात्री निघाला, मादी होती, आणि वडिलांनी स्वतः ती हातात घेतली, मानेच्या मागं, बरोबर धरून.